दोन पंच्याऐंशी आणि नवरीचे मामा

"हे कोन होय?" अल्बमच्या पानावर बोट ठेवून देवराव मामांनी विचारलं.

बोट नवरीच्या खांद्यामागे टेकलं होतं. तिथे एक भगवा फेटा होता आणि फेट्याखाली गव्हाळ रंगाचा एक गोळा. गोळ्याला डोळे असावेत असा अंदाज बांधता येत होता. नाक मात्र कुठेही ठेवलं असतं तरी चाललं असतं.

मला उत्तर माहीत होतं. माझा पार्टनर प्रशांत शेजारीच सतरंजीवर बसला होता, त्यालाही माहीत होतं. तो एकदम छताचा पंखा बघायला लागला. अशा वेळी फोटोग्राफरने चहाचा एक मोठा घोट घ्यावा. तेवढाच विचार करायला वेळ मिळतो.

"तुमीच त हाय, मामा," मी म्हणालो.

मामांनी डावीकडच्या पानावर नजर टाकली. तिथे नवरदेव होता आणि नवरदेवाच्या मागे नवरदेवाचे मामा. त्यांच्या मिशीतला पांढरा केस वेगळा दिसत होता. कपाळाला चिकटलेला अक्षतेचा दाणासुद्धा दिसत होता. मामांनी पुन्हा उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

हे सगळं केनवडला, गजाननरावांच्या घरी चाललं होतं. मी रफीक, रिसोडला माझा आणि प्रशांतचा फोटो स्टुडिओ आहे. शाळेपासूनचे दोस्त आहोत आणि भांडणंही तेव्हापासूनची आहेत. गजाननरावांच्या मुलीचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. आमच्याकडे अल्बम येतो तो दिवस म्हणजे लग्नाची दुसरी फेरी असते. गल्ली जमते, पोहे होतात, कोण जाड दिसतंय आणि कोणाची साडी कोणासारखी आहे यावर चर्चा होते. त्यासाठी नवरीचे सख्खे मामा इंझोरीहून दोन एसटी बदलून आले होते.

"टीव्हीच्या बातम्यात तोंड कोनाचं असं करतेत, मालूम आहे का?" मामा सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "पोलिसानं पकडलं राह्यते, त्याचं."

कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं, पण ते मी पोह्यांबरोबर गिळलं.

"आंधी माइकवरून नाव पुसलं. आता फोटोतून तोंड पुसलं," मामा म्हणाले. "भाऊजीनं सांगतलं असन तुमाले."

भाऊजी म्हणजे गजाननराव. ते दारात उभे होते, त्यांचा चेहरा पडला. मामा उठले, चपला घातल्या आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. नवरीची आई सुमनताई पोह्यांची बशी घेऊन त्यांच्या मागे गेल्या. थोड्या वेळाने तशीच भरलेली बशी घेऊन परत आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बशी आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "माहा भाऊ लय मुश्किलीनं या घरात आला होता, रफीकभाऊ. आता राखीले येऊ नको म्हनते. हे तुमीच बिघडवलं, तुमीच नीट करा."

माइकचं प्रकरण आम्हाला मग शेजाऱ्यांनी सांगितलं. गजाननरावांनी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आहेर वाचले गेले. आमच्या भागात आहेर माइकवर पुकारायची पद्धत आहे. अमक्या गावचे अमके, यांच्याकडून इतके इतके, टाळ्या. त्यात देवराव मामांचं नाव राहून गेलं. साडी त्यांनी आणली होती, बहिणीच्या अंगावर ती होती, पण भोंग्यातून नाव काही आलं नाही. सख्ख्या भावाचं नाव नाही आणि कोणा ट्रॅक्टरवाल्याचं दोनदा. मामा जेवण न करता गेले ते भाचीच्या लग्नापर्यंत केनवडला फिरकले नाहीत. भाऊजींशी बोलणं तर बंदच. लग्नाला आले तेही मामाशिवाय नवरीला बोहल्यावर कोण आणणार म्हणून. नवरीच्या मागे छाती काढून उभे राहिले. आणि प्रशांतने त्यांचा गोळा करून टाकला.

आता तो कसा केला, ते सांगतो.

आमच्या धंद्यात पंच्याऐंशी एमएमची लेन्स चेहऱ्यांसाठी वापरतात. पंच्याऐंशी हा आकडा म्हणजे लेन्स समोरच्याला किती जवळ आणते त्याचं माप. माझ्याकडे जुनी, हलकी, प्लास्टिकच्या अंगाची पंच्याऐंशी आहे. प्रशांतला मात्र दुसरी हवी होती. तीही पंच्याऐंशीच, पण अंगाने दुप्पट, वजनाला लहान कलिंगडाएवढी, समोर कढईसारखी काच. अकोल्याचा एक ओळखीचा फोटोग्राफर ती विकत होता. महिना-दीड महिना वापरा, आवडली तर ठेवा, असं म्हणून त्याने दिली. प्रशांतने त्या लेन्सला बायकोच्या लग्नातल्या शालीत गुंडाळून ठेवलं होतं. बायकोला अजून पत्ता नाही.

दोन्हींत फरक एकच, पण मोठा. लेन्सच्या पोटात एक भोक असतं, लहान-मोठं होणारं. त्याला ॲपर्चर म्हणतात. माझी लेन्स एक पॉइंट आठपर्यंत उघडते, प्रशांतची एक पॉइंट दोनपर्यंत. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे आमच्या धंद्यातलं उलटं गणित आहे. भोक मोठं केलं की प्रकाश भरपूर येतो, पण एकच पातळ पट्टा स्पष्ट दिसतो. त्याच्या पुढे-मागे जे असेल ते विरघळतं. भोक लहान केलं की पुढचे-मागचे सगळे हजर. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला आपण डोळे बारीक करतो ना, तेच.

प्रशांतला विरघळवण्याचं वेड लागलं होतं. एक पॉइंट दोनवर त्याने स्टुडिओतलं कॅलेंडर विरघळवलं, झेरॉक्स मशीन विरघळवलं, समोरचं रसवंतीगृह विरघळवलं. माझी लेन्स त्याच्या लेखी आता भंगारात घालण्यासारखी होती. मी म्हणालो, पाच पॉइंट सहावर दोन्ही सारख्याच. तो म्हणाला, आंधळ्यालाही फरक कळेल. मग मी पासपोर्टच्या खुर्चीवर त्यालाच बसवलं, दोन्ही लेन्सने पाच पॉइंट सहावर फोटो काढले, प्रिंट मारल्या आणि मागे काही न लिहिता पुढे ठेवल्या. त्याने एक उचलली, उजेडात धरली आणि गालावरची गोलाई, केसांची झळाळी, काचेतला जीव अशा बऱ्याच गोष्टी सांगितल्या. मी मान डोलावत राहिलो. चहा येईपर्यंत त्याला तो आनंद घेऊ दिला. मग सांगितलं की ती माझ्या भंगारातल्या लेन्सची आहे.

दोन दिवस तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी केनवडचं लग्न होतं. मला काही दाखवून द्यायचंच, या इराद्याने तो मोठी लेन्स घेऊन आला.

मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट, दोघांच्या मागे दोघांचे मामा. आम्ही दोघं फोटोग्राफरही असेच वाटून उभे राहतो. मी नवरीच्या बाजूने नवरदेवाला टिपतो, प्रशांत नवरदेवाच्या बाजूने नवरीला. लग्नात मी पाच पॉइंट सहाच्या खाली उतरत नाही. लग्नात मागे उभा असलेला माणूस म्हणजे झाड नव्हे, तो पाहुणा असतो, आणि अल्बममध्ये तो आधी स्वतःलाच शोधतो. प्रशांत मात्र एक पॉइंट दोनवर, नवरीच्या अगदी जवळ जाऊन सुरू होता. फोटो काय आला होता म्हणता. नवरीची पापणी न पापणी, मुंडावळ्यांचे मोती, डोळ्यात थांबलेलं पाणी. मागे सगळं भगवं-सोनेरी धुकं. नवरीने मोबाइलवर बघितला आणि म्हणाली, अल्बममध्ये हाच पाहिजे, पूर्ण पानभर. नवरी स्वतःकडे बघत होती. ते धुकं म्हणजे आपला मामा आहे, हे तिच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

अशा रीतीने दोन लेन्सची तुलना आम्ही न ठरवता करून बसलो. डाव्या पानावर माझी, उजव्या पानावर प्रशांतची, आणि निकाल मामांनी दिला.

 केनवडहून परत येताना, रिसोडच्या अलीकडे प्रशांतला उपाय सुचला. कॉम्प्युटरवर मामांचा दुसरा, स्पष्ट चेहरा आणून तिथे चिकटवायचा. आम्ही लग्नाचे सगळे फोटो धुंडाळले. मामा भाचीला बोहल्यावर आणताना पाठमोरे होते. स्पष्ट, समोरून, फेट्यासह असे ते एकाच फोटोत सापडले. पंगतीत. तोंडात अख्खा लाडू. प्रशांतने तो चेहरा कापून नवरीच्या मागे बसवला. काम सफाईदार केलं, कोणाला जोड दिसली नसती. फक्त मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा मामा तिच्या खांद्याआड लपून लाडू खातोय असं दिसत होतं. आम्ही पोट धरून हसलो आणि मग तो फोटो कायमचा उडवून टाकला. हा जर इंझोरीला पोचला असता तर राखी सोडाच, आमच्यावर केस झाली असती.

मग मला दुसरी युक्ती सुचली. मी इंझोरीला मामांना फोन लावला. तुमचा फोटो बिघडला ही आमची चूक, म्हणून घरी येऊन तुमचा एकट्याचा मोठा फोटो काढून देतो, असं सांगितलं. मामा म्हणाले, या. मग गजाननरावांना फोन केला. स्टँड धरायला एक माणूस कमी पडतोय आणि आम्हाला घर माहीत नाही, तुम्ही चला. गजाननराव काही कालचे नव्हते.

"मी माफी मांगनार नाई," ते म्हणाले.

"माफी नका मांगू. नुसते उभे राहा," मी म्हणालो.

सुमनताईंना काही सांगावंच लागलं नाही. आम्ही केनवडला पोचलो तेव्हा त्या आधीच पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

वाशीम मागे पडल्यापासून इंझोरीपर्यंत गाडीत फक्त सुमनताई बोलत होत्या. गजाननरावांच्या मांडीवर मोठ्या लेन्सची बॅग दिली होती. प्रशांत दर खड्ड्याला मागे वळून बघायचा, बॅगेकडे, गजाननरावांकडे नाही.

मामा अंगणात धुतलेला सदरा घालून तयार होते. बहिणीला बघून चेहरा उजळला. तिच्यामागून नवरा उतरला तसा तो पुन्हा विझला. पाणी सगळ्यांना दिलं. दारात आलेल्याला पाणी नाकारायची रीत नाही. पण पेला भाऊजींच्या हातात न देता त्यांच्या शेजारच्या बाजेवर ठेवला.

"मामा, तुमचा फोटो काढतो, पन मंग," मी म्हणालो. "आंधी एक फोटो तुमी काढा."

अंगणात खुर्ची टाकली. सुमनताईंना तिच्यावर बसवलं. गजाननरावांना त्यांच्या मागे, एका पावलावर उभं केलं, नवरीच्या मागे मामा उभे होते तेवढ्याच अंतरावर. कॅमेरा स्टँडवर चढवला, मोठी लेन्स लावली, भोक पूर्ण उघडलं, फोकस सुमनताईंच्या डोळ्यावर लावून दिला. मामांना म्हणालो, हे बटन दाबा. मामांनी बंदुकीचा चाप ओढावा तसं दाबलं.

स्क्रीनवर सुमनताई होत्या, नाकातल्या मोरणीच्या खड्यासकट. त्यांच्या मागे पांढरी टोपी आणि टोपीखाली गव्हाळ गोळा.

मामांनी मान वर करून समोर पाहिलं. गजाननराव अख्खे, धडधाकट उभे होते. खाली स्क्रीनवर पाहिलं. पुन्हा वर. मग अगदी भोळा चेहरा करून त्यांनी विचारलं, "हे कोन होय?"

"तुमचे भाऊजी," मी म्हणालो.

मिशीचं एक टोक हललं. मला वाटलं, आता होईल.

मग मी माझी लेन्स लावली आणि पाच पॉइंट सहावर ठेवली. मामांनी बटन दाबलं. गजाननराव परत आले, सदऱ्याच्या तुटलेल्या बटणासकट. मामांनी तो फोटो एकदाच पाहिला.

"हे नाई पायजे," ते म्हणाले. "आंधीची लाव."

मोठी लेन्स परत लावली. आता मी त्यांना कॅमेऱ्यावरची चकती दाखवली. इकडे फिरवली की भोक मोठं, तिकडे फिरवली की लहान. डोळे बारीक करून पाटी वाचायचं उदाहरण दिलं. मामांनी चकती फिरवून पाहिली. मोठ्या लेन्सवरही पाच पॉइंट सहाला गजाननराव स्पष्ट आले, माझ्या लेन्सवर होते तसेच. मामांनी दोन्ही फोटो आलटून पालटून बघितले.

"मंग काचीचा दोष नाई," ते म्हणाले. "फिरवनाऱ्याचा हाये."

त्यांनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांत उकिरड्यावरच्या कोंबडीकडे बघत होता. मग मान खाली घालून म्हणाला, मामा, मी फक्त पोरीकडे बघत होतो, चुकलंच. भाऊजींनी काही सांगितलं नव्हतं, हे वेगळं बोलायची गरज उरली नव्हती.

पण खेळ आता मामांच्या हातात आला होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते. त्यांनी चकती पूर्ण उघडी केली. एक फोटो काढला. आणखी एक काढला. समाधान होईना. मी सांगून ठेवलं होतं की मागचा माणूस जितका दूर तितका जास्त विरघळतो. मामांनी कॅमेऱ्यामागून हात वर केला.

"भाऊजी, थोडे मांगं सरका."

सुमनताईंनी चटकन माझ्याकडे पाहिलं. वास्तुशांतीनंतर भावाने त्यांच्या नवऱ्याला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द होता. मी नजर कॅमेऱ्यावरच ठेवली.

गजाननराव मागे सरकले. बटन दाबलं गेलं. "अजून," मामा म्हणाले. गजाननराव कडुनिंबापर्यंत गेले. "अजून." ते गोठ्यापर्यंत गेले. स्क्रीनवर आता टोपीही ओळखू येत नव्हती, पांढरा ठिपका तेवढा राहिला होता.

"आता अजून मांगं गेलो तं विहिरीत जाईन," गजाननराव तिकडून म्हणाले.

"जा ना," मामा म्हणाले.

पहिल्यांदा सुमनताई हसल्या, पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. मग प्रशांत, मग मी. गोठ्याजवळ गजाननरावही हसत होते, हे आम्हाला नंतर खांदे हलताना बघून कळलं. ते हळूहळू परत आले, खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. 

"तवा माइकवर नाव राह्यलं, ते माह्या चुकीनं, देवराव," ते म्हणाले. "मी त्या पोराले सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं."

 मामांनी घरात हाक मारली आणि अजून एक खुर्ची बाहेर आणायला सांगितली. खुर्ची आली. ती त्यांनी स्वतः उचलून सुमनताईंच्या शेजारी ठेवली आणि भाऊजींना बसा म्हणाले. चहा आला तेव्हा पहिला कप गजाननरावांच्या हातात गेला. बाजेवर नाही.

मामांचा एकट्याचा फोटो मी काढला, चांगला काढला. मग विषय अल्बमचा निघाला. प्रशांत म्हणाला, ते पान आम्ही बदलून देतो, नवरीचा दुसरा फोटो टाकू ज्यात मामांचा निदान कान तरी स्पष्ट आहे. मामांनी हात हलवला.

"राहू द्या ते. पोरगी किती बेस दिसून राह्यली त्याच्यात," ते म्हणाले. "माहं तोंड तं साऱ्या गावाले मालूम आहे."

 भाचीच्या लग्नासाठी हा माणूस अपमान गिळून आला होता आणि आता तिच्या फोटोसाठी तोंडही सोडायला तयार होता. मी स्टँड मिटत बसलो.

निघताना मामा प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेले. आम्हाला वाटलं, झापतायत. ऑर्डर देत होते. त्या दिवशी काढलेल्या फोटोंपैकी एक मोठा करून, फ्रेम करून पाहिजे होता. त्यांचा स्वतःचा नाही. पुढे बहीण आणि मागे गोठ्याजवळ भाऊजींचा ठिपका, तो.

राखीला सुमनताई इंझोरीला गेल्या, गजाननरावही गेले. फ्रेम त्यांच्याच हाती पाठवली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. आत काय आहे ते मी सांगितलं नव्हतं. परतल्यावर गजाननराव रिसोडच्या बाजारात भेटले. मी जरा जपूनच विचारलं की फोटो बघितला का. म्हणाले, मामांनी गजाननरावांच्याच हाताने खिळा ठोकून घेतला, समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर. आल्या-गेल्याला दाखवतात आणि विचारतात, मागचा माणूस ओळखा.

"तुमाले वाईट नाई वाटलं?" मी विचारलं.

"कायले?" गजाननराव म्हणाले. "धुंदला का होईना, त्याच्या भिंतीवर तं लागलो."

मोठी लेन्स आम्ही ठेवून घेतली. लेन्स खरंच चांगली आहे, हे मी प्रशांतसमोर अजून कबूल केलेलं नाही. नवरीचे एकटीचे फोटो, हळदीचे हात, नवरदेवाच्या लहान बहिणीचा रुसवा, हे सगळं तिच्यातून सुंदर येतं. फक्त भटजींनी अंतरपाट धरला की प्रशांत न सांगता बॅग उघडतो, ती शालीत गुंडाळतो आणि माझी भंगारवाली मागून घेतो. मंगलाष्टकं पाच पॉइंट सहावरच होतात, कारण मागे मामा उभे असतात.